मस्कतला पोचलेला विडा

त्या व्हिडिओत बाबांचा चेहरा अर्धाच दिसतो. उरलेल्या अर्ध्यावर देवळाच्या खांबाची सावली आहे. हात मात्र पूर्ण दिसतो. मनगटावर काळा दोरा, नखांत माती आणि बोटांत पाटावरून उचललेला विडा. विडा वर गेला की मागून घोषणा सुरू होतात आणि व्हिडिओ संपतो. मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की आवाज बंद ठेवला तरी घोषणा कुठे सुरू होतात ते मला कळतं.

हे लिहावं की नको, यात माझे बरेच दिवस गेले. मी महाडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्यांना वाटतं, जगात काय चाललंय याचा अर्थ मला लागत असेल. तसा तो लागत नाही. पण आमच्या देवळातल्या पाटापासून मस्कतपर्यंत एक गोष्ट कशी गेली, एवढं मी पाहिलं आहे. तेवढंच सांगते.

आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर आहे. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि चढ चढायचा. निम्म्या घरांतली माणसं मुंबईला असतात. माझा दादा मस्कतला आहे, म्हणजे तेव्हा होता. एका कंपनीत मोठे टँकर चालवायचा. गाडी चालवायला तो महाडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे शिकला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ज्या पावसात महाड बुडालं आणि तळीये गावावर डोंगर कोसळला, त्या दिवसांत चाचांच्या गाड्या सामान घेऊन फिरत होत्या आणि त्यातली एक दादा चालवत होता. चाचांचा पुतण्या मस्कतच्या त्या कंपनीत सुपरवायझर होता. पुढे त्यानेच दादाला तिकडे बोलावून घेतलं.

आता विड्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या गावकीत हात वर करून मतं घेत नाहीत. बैठक देवळात होते. देवासमोर पाट, पाटावर पान-सुपारीचा विडा. कुणीतरी गोष्ट मांडतो. ज्याला ती पटत नाही त्याने उठून बोलायचं. मग भांडण, समजूत, चहा, पुन्हा भांडण. पण कुणीच उठलं नाही, तर मानकऱ्याने विडा उचलायचा. विडा उचलला की गोष्ट ठरली. हा मान आमच्या घराकडे आहे. आजोबा गेल्यापासून बाबा विडा उचलतात. मानकऱ्याने स्वतः मत द्यायचं नसतं. तो फक्त वाट बघतो, कुणी उठतंय का. बायका बैठकीत नसतात. आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकतो.

भात झोडून झाल्यावरची ती बैठक मी अशीच ओट्यावरून ऐकली. माझा चुलतभाऊ मुंबईहून आला होता. तो तिथे एका संघटनेत जातो. बरोबर महाडची दोन पोरं होती, गळ्यात भगवे गमछे घातलेली. चुलतभाऊ वाईट मुलगा नाही. दहावीला त्याने मला गणित शिकवलं होतं. त्या दिवशी त्याने मोबाइलवर शेजारच्या देशातली दृश्यं दाखवली. फोडलेलं देऊळ, रस्त्यावर पडलेले कपडे, रडणारी एक बाई. बोलताना त्याचा आवाज भरून आला आणि ते खोटं नव्हतं. आपलं सरकार दिल्लीत काय करायचं ते करेल, तो म्हणाला, पण आपण आपल्या वाडीत काय करतोय? मग त्याने मांडलं की यापुढे मुसलमानांच्या गाड्या आणि फेरीवाले वाडीत येऊ द्यायचे नाहीत आणि आपणही त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही.

देवळात शांतता झाली. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, शेजारचे आबा बोलतील. आबांना वाटलं असणार, पोलिसपाटील बोलतील. गमछेवाल्या पोरांपैकी एकाने मोबाइल वर धरला होता. अशा वेळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, तशी सगळी बघत होती. बाबांनी नेहमीइतकी वाट पाहिली आणि विडा उचलला.

संध्याकाळी आईने चुलीपाशी त्यांना विचारलं, तुम्हांला हे पटलं का.

"मला पटायचा सवाल येतोच कुठं?" बाबा म्हणाले. "कोण उठला नाय. मी विडा उचलला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. एसटीचा कंडक्टर घंटी मारतो, पण गाडी कुठे जायची हे तो ठरवत नाही, तसं. बाबांच्या लेखी उचलणारा हात त्यांचा नव्हताच, गावकीचा होता.

आमच्या वाडीचा मुसलमानांशी व्यवहार तो किती? रोज सकाळी मोटरसायकलवर भोंगा वाजवत पाव-बटर घेऊन येणारा पाववाला, आणि सणासुदीला मुंबईहून सामान आणणारा चाचांचा टेम्पो. दुसऱ्या दिवशी पोरांनी पाववाल्याला फाट्यावरूनच परत पाठवलं. त्याने काही वाद घातला नाही म्हणे. गाडी वळवली आणि खाली उतरला. आठवडाभर आबा आमच्या अंगणात येऊन बसायचे आणि कोऱ्या चहाच्या कपात बघत राहायचे.

"त्या देशातल्यांनी देऊळ फोडलं," ते एकदा म्हणाले, "न् इथं माझा बटर बंद झाला. ह्याचा संबंध कसा लागतो तो मला सांग गो कॉलेजवाले."

आई हसली. मीही हसले.

त्यांना 'मग तुम्ही उठून का नाही बोललात' असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी स्वतः ओट्यावर बसले होते हे खरं, पण ओट्यावरून बोलणं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही.

दादाचा फोन थंडी सुरू झाल्यावर आला. तो नेहमी ड्युटी संपवून संध्याकाळी करायचा आणि आधी आईशी बोलायचा. त्या दिवशी त्याने मलाच मागितलं. मला घराबाहेर जायला सांगितलं. मी काजूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले.

व्हिडिओ मस्कतला पोचला होता. आधी चाचांच्या पुतण्याकडे, मग दादाच्या खोलीतल्या सगळ्यांकडे. खोलीत सहाजण, त्यातले बहुतेक महाड, म्हसळा, श्रीवर्धनकडचे मुसलमान. त्यांनी दादाला काही म्हटलं नाही. जेवण एकत्र व्हायचं तसंच होत होतं. पण एकाने चेष्टेत त्याचं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, 'तुमच्यात बंदी हाय ना रे, आमच्या हातचं कसं चालतं?' सगळे हसले आणि दादाही हसला. मला हे सांगताना मात्र तो हसत नव्हता.

खरी काळजी दुसरीच होती. तिकडेही तेव्हा आपल्या माणसांना आधी नोकऱ्या द्या असं चाललेलं. काही कामांवर बाहेरच्यांऐवजी तिथलीच माणसं घ्यायची, असं कंपनीला सांगितलं गेलं होतं. ड्रायव्हर कमी होणार होते. कुणाचा व्हिसा वाढवायचा आणि कुणाचा नाही, याची शिफारस पुतण्याने करायची होती आणि शेवटचा शब्द त्याच्या वरच्या साहेबाचा, जो तिथलाच होता. त्या साहेबालाही कुणीतरी व्हिडिओ दाखवला होता. खाली अरबीत काहीतरी लिहून.

"साहेबानं पुतण्याला विचारलं, हा हात कुणाचा?" दादा म्हणाला. "तो खोटं बोलला नाय. बोलला, आपल्या टँकरवाल्याचा बाप."

दादाचा व्हिसा शिमग्याच्या पुढे संपत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाबांनी एकदा बोलावं, ते आपलं मत नव्हतं म्हणून. माफी वगैरे नको. बोललेलं मी रेकॉर्ड करावं आणि पाठवावं.

मी बाबांना सांगितलं. ते गोठ्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले की मानकऱ्याला मत नसतं. माझं मत नव्हतं असं म्हणायचं, तर माझं काहीतरी मत होतं असं होईल. मी म्हटलं, मग होतं का? ते वळून पेंढा सोडायला लागले.

त्या महिन्यांत मला कॉलेजात एक सेमिनार द्यायचा होता. विषय आम्हीच निवडायचा होता आणि मी हे सगळं होण्याआधीच निवडून बसले होते: उजव्या राष्ट्रवादी चळवळींचा आंतरराष्ट्रीय संबंधांवर होणारा परिणाम. निवडताना तो मला मोठा आणि लांबचा वाटला होता. अभ्यास करायला सोपा, कारण ग्रंथालयात त्यावर पुस्तकं होती. आता मी एसटीत खिडकीशी बसून वाचायचे आणि प्रत्येक पानावर कुठेतरी बाबांचा हात यायचा.

मला वाचून जे कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर चुकलं. अशा चळवळी बोलतात ते घरातल्या माणसांसाठी. सभेत बसलेल्याला बरं वाटावं म्हणून. पण भिंतीपलीकडचाही ते ऐकत असतो. एका देशातला नेता आपल्या मतदाराला जे सांगतो, त्याचा खुलासा त्याच्या राजदूताला दुसऱ्या देशात जाऊन द्यावा लागतो. अमेरिकेत कुणी म्हणतं 'आमचे आधी', आणि हैदराबादच्या मुलाचा व्हिसा अडतो. युरोपात कुणी म्हणतं आमच्या सीमा आधी, आणि समुद्रातल्या होड्या अडतात. आणि मला सगळ्यांत नवल याचं वाटलं, की निरनिराळ्या देशांतली ही 'आमचे आधी' म्हणणारी माणसं एकमेकांच्या व्यासपीठांवर जातात, एकमेकांचं कौतुक करतात. मला कळेना, रांगेत सगळेच आधी कसे उभे राहणार? एकाचं आधी म्हणजे दुसऱ्याचं नंतर. ते दोघे हात मिळवत असताना मागे कुणाला तरी ढकललं जात असणारच. मग मला दादा दिसायचा. मस्कतला तो बाहेरचा होता. इथे त्याच्या वाडीने दुसऱ्याला बाहेरचं ठरवलं होतं. एका टोकाकडून त्याला तिथल्यांचं 'आधी' दाबत होतं, दुसऱ्याकडून आमचं.

हे सगळं मी सेमिनारमध्ये म्हटलं, फक्त शेवटचं सोडून. देशांची नावं घेतली, सरांनी मान हलवली, मला बरं वाटलं. मग प्रश्न विचारायची वेळ आली. महाडजवळच्या नाते गावची माझी मैत्रीण माझ्याच बाकावर बसते. तिचे वडील कुवेतला असतात. पहिल्या वर्षापासून आम्ही डबा एकत्र खातो. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तू जगभरची उदाहरणं दिलीस. पोलादपूरचं एक होतं. ते का नाही दिलंस?"

वर्गात कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरचा एकजण तिच्यावर घसरला, हा काय प्रश्न झाला म्हणून. सरांनी त्याला बसवलं. मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं की ते आंतरराष्ट्रीय नाही, स्थानिक आहे. म्हणतानाच मला ठाऊक होतं की ते चूक आहे. काजूच्या झाडाखाली उभं राहून मी ते ऐकलेलं होतं.

दुपारी डबा खाताना तिने विषय काढला नाही. मीच सांगितलं, दादाचं, व्हिसाचं, सगळं. ती म्हणाली, चाचांकडे जाऊन आलीस का? मी म्हटलं, कोणत्या तोंडाने? ती म्हणाली, आहे त्याच.

चाचांचा अड्डा हायवेला लागून आहे. टायरचे ढीग, एक उभा डंपर आणि पत्र्याच्या ऑफिसात टेबल. लहानपणी दादाचा डबा घेऊन आले होते तेव्हा त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली होती. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला, किंवा लावला असं दाखवलं.

"तुमच्या वाडीत माझ्या गाडीला बंदी," ते म्हणाले, "आणि तू माझ्या अड्ड्यावर. दंड होईल बेटा तुला."

चहा आला. मी तयार करून नेलेलं वाक्य म्हटलं, की बाबांचं ते मत नव्हतं, आमच्यात विडा असा उचलतात. मी सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाले की त्यांना पद्धत ठाऊक आहे, त्यांचे वडील आमच्या वाडीत गाडी घेऊन येत तेव्हापासून ठाऊक आहे. आणि म्हणूनच त्यांना वाईट वाटलं होतं. बाबांनी विडा उचलला याचं नाही. आख्ख्या देवळात एकही माणूस उठला नाही, याचं.

मी पुतण्याबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर मला तेव्हा कठोर वाटलं. ते म्हणाले, त्याला मी दादाला काढ असं सांगणार नाही आणि ठेव असंही सांगणार नाही. त्याला तिकडे त्याचेच लोक विचारतात, तुझ्या घरच्यांशी असं वागतात आणि तू त्यांच्या माणसाला सांभाळतोस? त्यालाही तोंड आहे ना कुठेतरी दाखवायला. शिवाय त्यांनी स्वतःही एक गोष्ट केली होती आणि ती लपवली नाही. व्हिडिओ आल्यापासून त्यांनी आमच्या बाजूच्या वाड्यांतले ड्रायव्हर घ्यायचं थांबवलं होतं.

"तुमचं ठरलं," ते म्हणाले, "मग माझंही ठरलं."

मी उठले. त्यांनी चहा संपवायला लावला. बाहेर येताना मला त्यांचा राग आला होता आणि रागवायचा हक्क नाही हेही कळत होतं. एसटी स्टँडपर्यंत मी भरभर चालत गेले, जणू कुठे पोचायचं होतं.

घरी येऊन मी बाबांना चाचांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एकही माणूस उठला नाही, हे वाक्य ऐकल्यावर ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "मी तर वाट बघत होतो." मग पुन्हा जेवायला लागले. पुढे शिमग्यापर्यंत त्या विषयावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. राबासाठी फांद्यांची कवाळं तोडायला गेले की विळा विसरून यायचे. रोज संध्याकाळी मला विचारायचे, फोन आला का. आला म्हटलं की काय बोलला ते विचारायचे नाहीत.

शिमग्याला मुंबईकर आले. कुलपं निघाली, वाडी भरली. पालखी निघण्याआधी सकाळी बैठक असते. वर्षाची सगळी कामं त्यात ठरतात आणि पहिला विडा पालखीचा असतो. तो उचलल्याशिवाय पालखी हलत नाही. आम्ही बायका नव्या साड्या नेसून ओट्यावर बसलो होतो. ढोलवाले आवारात ढोल शेकत होते.

पोलिसपाटलांनी पालखीचा मार्ग मांडला. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा तसेच बसून राहिले.

"उचला की अण्णा," कुणीतरी म्हणालं. "देवाला उशीर होतोय."

बाबा उठले. उठून बोलणं हे मानकऱ्याचं काम नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून वाळलेल्या पानांचा एक विडा काढला. मागच्या बैठकीतला. तो त्यांनी इतके महिने कुठे ठेवला होता ते आईलाही माहीत नव्हतं. तो त्यांनी पाटावर, नव्या विड्याच्या बाजूला ठेवला.

"हा मी परत ठेवतोय," ते म्हणाले.

एकच गलका झाला. असं कधी झालं नव्हतं. एकजण म्हणाला, ठरलेलं मोडलं तर उद्या गावकीला कोण विचारणार? चुलतभाऊ पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, दादासाठी करताय हे, पगारासाठी धर्म विकताय. ते ऐकून आई ओट्यावरून उभी राहिली आणि परत बसली. आबा मधे पडले, पण ते बटरचं काहीतरी बोलायला लागले तेव्हा लोकांनी त्यांना हसून बसवलं.

बाबा म्हणाले, हो, पोरासाठीच. आधी पोराचंच ध्यानात आलं. मग बाकीचं आलं. मला वाटलं, ते आता बसतील.

"उचलताना मला कोणी इचारलं नाय, तुला पटतंय का," ते म्हणाले. "ठेवताना पण इचारू नका."

बाबा उठले तेव्हाच मी मोबाइल काढला होता. ओट्याच्या कठड्यावरून हात लांब करून मी तो विडा, तो पाट, बाबा आणि भोवतीचे चेहरे, सगळं रेकॉर्ड केलं.

गावकीने मार्ग काढला. गावकी नेहमी काढते. जुनी बंदी मोडली असं कुणी म्हटलं नाही, चालू आहे असंही म्हटलं नाही. फक्त आमच्या घराकडचा मान धाकट्या काकांच्या घराकडे दिला. काकांनी पुढे येऊन पालखीचा विडा उचलला आणि ढोल वाजायला लागले. बाबा खांबाला टेकून बसले होते. पालखी नाचवायला त्यांना कुणी बोलावलं नाही. शेवटी चुलतभावानेच खांदा बदलताना त्यांच्याकडे बघितलं आणि जागा केली. बाबा गेले. हे मला आजही नीट समजत नाही, पण तसं झालं.

व्हिडिओचं काय करायचं, हा प्रश्न दिवसभर माझ्या हातात होता. सगळीकडे पाठवला असता तर कदाचित पहिल्याइतकाच लांब गेला असता. पण मग चुलतभावाचा लाल चेहराही गेला असता, आणि काकांचाही. वाडीची अब्रू पुन्हा कुणाच्या तरी खोलीत जेवताना बघितली गेली असती. मी तो फक्त दादाला पाठवला. त्याने बघितला हे मोबाइलवर दिसलं. उत्तर लगेच आलं नाही. संध्याकाळी एवढंच आलं: बाबा बारीक झालेत.

त्याने तो पुतण्याला दाखवला. पुतण्याने साहेबाला दाखवला की नाही, माहीत नाही.

शिमगा उलटून गेल्यावर दादाचा व्हिसा वाढला नाही. कागदावर एकच ओळ होती, की या कामावर आता तिथलाच माणूस घेतला आहे. दादाने हे सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि बाबाही बसले होते. मी विचारलं, व्हिडिओमुळे झालं का?

"काय माहीत," दादा म्हणाला. "मीटिंग झाली. साहेबानं नावं वाचली. माझ्या नावावर कोण काय बोलला नाय."

बाबा फोनकडे सरकले. "पुतण्या होता तिथं?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, होता. बाबांनी मान डोलावली, जणू ती सगळी बैठक ते ओळखतात.

दादाबरोबर काहीजण असेही परत आले ज्यांच्या बापांनी कोणताच विडा उचलला नव्हता. महाडचेच एक-दोन मुसलमानही त्यात होते. म्हणजे कदाचित व्हिडिओचा संबंध नसेलही. आणि काही बाहेरचे ड्रायव्हर राहिलेही. म्हणजे कदाचित असेल. सेमिनार लिहून काढताना मला निष्कर्ष लिहायचा होता आणि मी तिथेच अडकले. पुस्तकांत कारण आणि परिणाम समोरासमोर असतात. इथे मधे इतकी माणसं गप्प बसली होती की कुणाच्या गप्प बसण्याने काय झालं, ते शोधताच येत नाही. सरांनी निष्कर्ष जोडायला सांगितलं म्हणून मी एक परिच्छेद जोडला. तो मला आवडत नाही. मैत्रिणीने वाचला आणि म्हणाली, ठीक आहे. यावेळी पोलादपूर आहे ना त्यात. आहे, मी म्हटलं.

दादा मुंबईला उतरून थेट घरी आला नाही. आधी महाडला चाचांच्या अड्ड्यावर गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने पूर्ण सांगितलं नाही. काम मिळालं नाही एवढं कळलं, सध्या तरी. पण चाचांनी त्याला एसटीने पाठवलं नाही. पोलादपूरकडे माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोत त्याला आणि त्याच्या मोठ्या खोक्याला बसवून दिलं.

बाबा आणि मी फाट्यावर उभे होतो. टेम्पो थांबला. दादा उतरला, बाबांच्या पाया पडला आणि दोघं एकमेकांकडे न बघता खोक्याकडे बघत राहिले. खोकं जड होतं. चढ समोर होता. बाबांनी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी वर घे, घरापर्यंत रस्ता हाय.

ड्रायव्हर माझ्याहून फार मोठा नसेल. त्याने इंजिन बंदही केलं नव्हतं.

"नको काका," तो म्हणाला. "तुमच्या वाडीत चालत नाय ना."

मला सांगायचं होतं, विडा परत ठेवलाय. माझ्याकडे व्हिडिओ आहे, थांब, दाखवते. मी मोबाइल काढलाही. पण पहिला व्हिडिओ त्याच्याकडे मला न विचारता आला होता आणि दुसरा मीच अडवून ठेवला होता. रस्त्यात उभं राहून मी त्याला काय पटवणार होते? बाबा खोक्याजवळ गेले. पूर्वी त्यांनी एक हात वर केला असता तर गाडी वर गेली असती. आता तो हात मानकऱ्याचा नव्हता.

टेम्पो गेला. दादाने खोक्याची दोरी घट्ट केली. त्याने एक बाजू धरली, बाबांनी दुसरी. मी मागून टेकू दिला. चढावर आम्ही दर वळणाला थांबत होतो, कारण बाबांना दम लागत होता आणि ते कबूल करत नव्हते.

दुसऱ्या थांब्याला दादाने विचारलं, पाव मिळतो का आता?

"खाली मिळतो," बाबा म्हणाले. "पोलादपुरात."

मग त्यांनी हात झाडले आणि पुन्हा खोकं उचललं.